रेषेबाहेरचा नेम

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. तिचा आतला व्यास ४५ सेंटीमीटर, आणि पुरुषांच्या खेळातला चेंडू साधारण २४ सेंटीमीटरचा. म्हणजे रिंगेत चेंडूच्या जवळजवळ दुप्पट जागा. आकडे वाचून वाटतं, एवढ्या जागेत चेंडू टाकणं ते काय अवघड! पण ही दुप्पट जागा दिसते ती रिंगेच्या वर चढून खाली पाहणाऱ्याला. चेंडू तिरका येतो. तो ४५ अंशांच्या कोनात खाली उतरला तर त्याच्या वाटेवर रिंगेची फट सुमारे ३२ सेंटीमीटरच उरते, आणि ३० अंशांत आला तर साडेबावीस, चेंडूपेक्षाही लहान. सपाट फेकलेला चेंडू रिंगेला न घासता आत जाणं शक्यच नसतं. त्याला उंच कमान द्यावी लागते. कमान द्यायची तर जोर हवा, जोर लावला की हात हलतो, आणि हात हलला की दिशा चुकते. दुरून अचूक मारणं अवघड का, याचं उत्तर एवढ्यात आलं. स्टीफन करीने हे काम अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत चार हजारांहून अधिक वेळा केलं आहे. दर वेळी साडेसहा मीटरहून दुरून, आणि बहुतेक वेळा अंगावर धावून येणाऱ्या उंच माणसाच्या पसरलेल्या हातावरून.

हे पुस्तक त्याच्याविषयी आहे आणि ते शहापूर-मुरबाडच्या मुलांसाठी लिहिलं आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत शाळेच्या मैदानावर कबड्डी आणि खो-खो खेळतात, सुगी संपली की शेतात खेळपट्टी करून क्रिकेटचे सामने भरवतात. बास्केटबॉलची पक्की मैदानं फारच थोडी. तरीही करीचा खेळ इथवर पोचला आहे, तो मोबाइलमुळे. त्याच्या गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाचा घरचा सामना तिकडे संध्याकाळी सातला सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे सकाळचे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात. आसनगावला लोकल पकडणारा कॉलेजचा मुलगा कल्याण येईपर्यंत सामन्याचा बराच भाग पाहू शकतो. ज्यांना तेवढी सवड नसते, ते रात्री त्याचे तुकडे बघतात.

मला काळजी वाटते ती या तुकड्यांची. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत चेंडू थेट जाळीत पडतो, लोक उभे राहून ओरडतात, करी हसत माघारी धावतो. त्याआधीचं काहीच दिसत नाही. मग बघणाऱ्या मुलाच्या मनात पक्कं बसतं की हे जादूचं काम आहे, ज्याला येतं त्याला येतं. तो मैदानावर जातो, मधल्या रेषेवरून चेंडू भिरकावतो, चेंडू बोर्डालाही लागत नाही, आणि तिथेच त्याचा नाद सुटतो. या पुस्तकात जे सांगायचं आहे ते त्या अर्ध्या मिनिटाच्या आधीचं आहे. करीचा नेम घडवलेला आहे, मोडून पुन्हा घडवलेला आहे. आणि त्याच्या खेळातला मोठा वाटा तर चेंडू हातात नसतानाचा आहे.

आधी ती रेषा, जिच्याबाहेरून मारलं की तीन गुण मिळतात. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे हा खेळ सुरू केला, तेव्हा पीचच्या फळांच्या टोपल्या टांगलेल्या होत्या. पुढे अनेक दशकं मैदानातून कुठूनही टाकलेली बास्केट सारख्याच मोलाची होती. रिंगेखालून टाका नाहीतर दहा पावलांवरून, गुण तेवढेच. साहजिकच खेळ उंच माणसांचा झाला. जो रिंगेच्या जवळ, तो शहाणा. दुरून मारणाऱ्याला तीन गुण देण्याची कल्पना १९६१ मध्ये एका अल्पायुषी अमेरिकी लीगने आणली, १९६७ पासून एबीए या दुसऱ्या लीगने ती चालवली, आणि १९७९ मध्ये एनबीएने स्वीकारली. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी बोस्टनच्या ख्रिस फोर्डने एनबीएतली पहिली तीन गुणांची बास्केट केली. आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाने १९८४ मध्ये ही रेषा ६.२५ मीटरवर आणली आणि २०१० मध्ये ती ६.७५ मीटरवर नेली. एनबीएची रेषा त्याहून लांब आहे, समोर ७.२४ मीटर आणि कोपऱ्यात ६.७० मीटर.

कबड्डी खेळणाऱ्याला याचा अर्थ चटकन कळेल. बोनसची रेषा आली तेव्हा चढाईची चालच बदलली. गडी न मारताही गुण मिळू लागला, आणि बचावाला त्या रेषेकडे एक डोळा ठेवून उभं राहावं लागलं. बास्केटबॉलच्या या रेषेनेही तेच केलं, फक्त फार सावकाश. पहिल्या हंगामात एनबीएतला एक संघ एका सामन्यात सरासरी तीनही वेळा तिथून मारत नव्हता. २०२३-२४ मध्ये हा आकडा ३५ वर गेला. गणित सोपं होतं. जवळून शंभर वेळा मारून पन्नास पडले तर दोनाच्या हिशेबाने शंभर गुण. रेषेबाहेरून शंभर मारून चाळीसच पडले तरी एकशेवीस. सातवीतला मुलगा हे पाटीवर मांडून दाखवेल. पण प्रशिक्षकांना ते पटायला तीस वर्षं लागली, कारण शंभरातले चाळीस सतत, दमलेल्या अंगाने, अंगावर माणूस असताना टाकणारे खेळाडू फार थोडे होते.

होते ते मात्र अस्सल होते. लॅरी बर्ड, रेगी मिलर, स्टीव्ह कर, आणि या सगळ्यांत मला ज्याचं विशेष वाटतं तो रे ॲलन. हवाई दलातल्या वडिलांच्या बदल्यांमागे गावोगाव फिरलेला हा मुलगा. सामन्याच्या आधी तीन तास मैदानावर येऊन ठरलेल्या जागांवरून ठरलेल्या क्रमाने मारायचा, असा त्याचा नेम. त्याचा एक सराव सांगतो. मैदानात उताणं पडायचं. झटकन उठायचं. रिंगेकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी कोपऱ्याकडे धावायचं, खाली न पाहता रेषेबाहेर थांबायचं, पास घ्यायचा आणि मारायचा. प्रत्यक्ष सामन्यात असा प्रसंग कधी येणार, असं कुणालाही वाटेल. १८ जून २०१३ ला तो आला. अंतिम मालिकेतला सहावा सामना, ॲलनचा मायामी संघ तीन गुणांनी मागे, हरले तर मालिका संपली. सहकारी ख्रिस बॉशने रिंगेवरून उसळलेला चेंडू पकडला, ॲलन उलट्या पावलांनी कोपऱ्यात सरकला, पास आला, आणि ५.२ सेकंद शिल्लक असताना बरोबरी झाली. तो सामना मायामीने जादा वेळेत जिंकला आणि पुढचा जिंकून विजेतेपदही. देवाने हात दिलाय म्हणून तुझे शॉट पडतात, असं कुणी म्हटलं की ॲलनला ते आवडत नसे. रोजच्या घामाचा तो अपमान आहे असं तो म्हणायचा. या पुस्तकाच्या वाचकाने हे आधी मनाशी धरावं आणि मग करीकडे वळावं.

करीचा जन्म १४ मार्च १९८८ चा, ओहायो राज्यातल्या ॲक्रनचा. वडील डेल करी स्वतः एनबीएत सोळा हंगाम खेळलेले आणि दुरून मारण्यासाठीच ओळखले जाणारे. आई सोनिया कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेली. लहानपण शार्लट शहरात गेलं. ही गरीब घरातून वर आलेल्या मुलाची कहाणी नाही, आणि तशी ती मुलांना सांगू नये. घरात खेळ होता, पैसा होता, शिकवणारा बाप होता. व्यावसायिक खेळाडूंच्या सरावाला वडिलांचं बोट धरून जाणारा हा मुलगा होता. आपल्या मुलांपाशी यातलं फारसं नसतं, हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

तरी या घराण्याच्या नेमाचा उगम एका खेड्यात आहे. व्हर्जिनिया राज्यातल्या ग्रोटोज या लहानशा गावी करीचे आजोबा जॅक करी यांनी घराशेजारी विजेच्या खांबासारख्या एका खांबाला बोर्ड आणि रिंग ठोकली होती. खाली मातीखडीची जमीन. त्या जमिनीवर ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पळणं, धड होत नसे आणि चुकलेला चेंडू कुठेही उसळे. डेल करी तिथे शिकले, आणि सुट्टीत आजीकडे आल्यावर स्टीफन आणि त्याचा धाकटा भाऊ सेथ तिथेच खेळले. सेथही पुढे एनबीएत दुरून मारणारा म्हणून नावाजला. मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेच्या आवारात मी अशीच एक रिंग पाहिली आहे. लोखंडी पाइपाला जोडलेली, जाळी केव्हाच गेलेली, समोरची कड कुणी लोंबकळल्याने जराशी खाली आलेली, आणि खाली लाल माती. दुपारच्या सुट्टीत तिथे दोन मुली कबड्डीच्या रेषेवर उभ्या राहून फुटबॉल त्या रिंगेत टाकत होत्या. बास्केटबॉल शाळेत नव्हता. मातीच्या मैदानावर पळत ड्रिबल करणं शिकता येणार नाही, पण नेम शिकता येतो. ग्रोटोजच्या खांबाने एवढं तरी सिद्ध केलं आहे.

आता या चरित्रातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. शाळेत असताना करी अंगाने किरकोळ होता. हातांत जोर नसल्यामुळे तो चेंडू कमरेपासून उचलून, ढकलल्यासारखा मारायचा. शॉट पडायचे. पण मोठ्या मुलांसमोर असा खालून निघणारा चेंडू सहज अडवला जाणार, हे डेल यांनी ओळखलं. हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी मुलाला सांगितलं की शॉट मुळापासून बदलायचा, चेंडू डोक्याच्या वरून सुटला पाहिजे. घरामागच्या मैदानात महिनोन्‌महिने हे चाललं. जुनी सवय मोडली आणि नवी बसेना. जो मुलगा दुरून सहज मारायचा त्याला आता रिंगेजवळूनही टाकता येईना. तो रडायचा. सेथला ते बघवत नसे. आपण या खेळातच राहू नये असंही त्या काळात वाटल्याचं करीने पुढे सांगितलं आहे. उन्हाळा संपला तेव्हा त्याच्याकडे नवा शॉट होता, आणि आज जग पाहतं तो हाच.

चांगलं चाललेलं मोडायला फार धीर लागतो. पडणारा शॉट बदलायचा म्हणजे काही महिने सर्वांसमोर वाईट खेळायचं. आपल्याकडे तालुकास्तराची स्पर्धा जिंकली की मुलाचं तंत्र कुणी तपासत नाही, जिंकतोय ना, मग झालं. जिल्ह्याला गेल्यावर तो हरतो तेव्हा उशीर झालेला असतो. खेळ शिकवणाऱ्या शिक्षकांनी या पुस्तकातलं दुसरं प्रकरण दोनदा वाचावं, अशी माझी विनंती आहे.

नवा शॉट घेऊनही मोठ्या कॉलेजांना तो नको होता. ज्या व्हर्जिनिया टेकमध्ये आईवडील दोघं खेळले, तिथेही शिष्यवृत्ती देऊन घ्यायला कुणी तयार नव्हतं. डेव्हिडसन या लहान कॉलेजच्या बॉब मॅककिलप यांनी त्याला घेतलं. पहिल्या सामन्यात त्याने तेरा वेळा चेंडू गमावला. प्रशिक्षकाने त्याला बसवलं नाही, आणि दुसऱ्या सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले. २००८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत या लहान कॉलेजने गोन्झागा, जॉर्जटाउन, विस्कॉन्सिन अशा नामांकितांना हरवलं आणि कॅन्ससकडून फक्त दोन गुणांनी हार पत्करली. २००९ मध्ये गोल्डन स्टेटने निवडीत सातव्या क्रमांकावर त्याला घेतलं. पदवी राहून गेली होती, ती त्याने २०२२ मध्ये पूर्ण केली. तोवर डेव्हिडसनने त्याचा ३० क्रमांकाचा शर्ट सन्मानाने निवृत्त केला नव्हता, कारण पदवीशिवाय तो मान द्यायचा नाही असा त्यांचा शिरस्ता. जगातला सर्वांत प्रसिद्ध माजी विद्यार्थी असूनही नियम वाकवला नाही, हे मला आवडलं.

सुरुवातीची वर्षं घोट्यांनी खाल्ली. उजवा घोटा पुन्हा पुन्हा मुरगळायचा. २०११-१२ च्या हंगामात तो फक्त २६ सामने खेळला आणि दोन वर्षांत दोन शस्त्रक्रिया झाल्या. पुढे व्यायामाची दिशा बदलली. वळताना, थांबताना येणारा भार घोट्याने एकट्याने न घेता मांड्या आणि कंबर यांनी घ्यावा, यासाठी शरीराचा तो भाग बळकट केला. तेव्हा घोटा सावरला. हा मजकूर मुलं वगळतील, म्हणून मुद्दाम सांगतो की वगळू नका. भातलावणीत, डोंगर चढताना कमावलेले पाय ही इथल्या मुलांची मोठी ठेव आहे, आणि नेमाची सुरुवात पायांतून होते.

ती कशी, हे पाहण्यासाठी करीचा एकच शॉट सावकाश बघावा. पास येण्याआधीच गुडघे वाकलेले असतात. चेंडू हातात आला की तो जरासा खाली जातो आणि तिथून पाय आणि हात एकाच लयीत वर येतात. मध्ये थांबा नाही. बरेच खेळाडू आधी उडी घेतात, हवेत क्षणभर थांबतात आणि मग हाताने मारतात. करी उडीच्या चढावरच चेंडू सोडतो, त्यामुळे पायांचा जोर वाया न जाता बोटांपर्यंत पोचतो. ६ फूट २ इंच उंचीच्या, एनबीएच्या मानाने ठेंगण्या माणसाला इतक्या दुरून मारता येतं ते यामुळे. हातात आल्यापासून सुटेपर्यंत अर्धा सेकंदही जात नाही. समोरच्याचा हात वर येईपर्यंत चेंडू गेलेला असतो. कोपर रिंगेच्या रेषेत, मनगट शेवटी खाली झुकलेलं, बोटं रिंगेकडे. कमान उंच, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती फट जेवढी मोठी करता येईल तेवढी केलेली. डिसेंबर २०२० मध्ये सरावाच्या शेवटी त्याने रेषेबाहेरून सलग १०५ शॉट पाडले, त्याची चित्रफीत उपलब्ध आहे. तिच्यात पायांकडे बघावं. शंभराव्या शॉटलाही गुडघे पहिल्याइतकेच वाकतात.

पण सरावात कुणी अडवत नाही. सामन्यात अडवतात, आणि इथे त्याच्या खेळाची दुसरी बाजू सुरू होते. पास दिल्यावर करी थांबत नाही. रिंगेखालून पळतो, एका सहकाऱ्याच्या खांद्याला घासून वळतो, वाट अडवून उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या आडोशातून बाहेर येतो, पुन्हा आत शिरतो. त्याच्यामागचा बचावपटू दमतो, आणि दुसराही मदतीला ओढला जातो. दोघं करीमागे गेले की चौघांसमोर तीनच उरतात आणि कुणीतरी रिंगेखाली एकटा मोकळा सापडतो. त्या बास्केटच्या हिशेबात करीचं नाव कुठेही लागत नाही. बास्केट नाही, पास नाही, काहीच नाही. तरी ती त्याची आहे. एकट्याने वीस शॉट मारणाऱ्या मुलाला आपण शाळेत हिरो म्हणतो. त्याला करीचा एक पूर्ण सामना, चेंडूकडे न बघता फक्त करीकडे बघत, दाखवायला हवा.

त्याचा जोडीदार क्ले थॉम्पसन याच गोष्टीचं टोक होता. ५ डिसेंबर २०१६ ला त्याने २९ मिनिटांत ६० गुण केले आणि त्या सगळ्यात फक्त ११ वेळा ड्रिबल केलं. पळायचं, मोकळं व्हायचं, घ्यायचं, मारायचं. मातीच्या मैदानावरच्या मुलांनी नमुना म्हणून थॉम्पसनलाच समोर ठेवावं, असं मी सुचवेन. करीसारखं ड्रिबल नंतर येईल.

आकड्यांचा डोंगर पुस्तकात आहे, इथे थोडेच. २०१२-१३ मध्ये करीने एका हंगामात रेषेबाहेरून २७२ बास्केट केल्या आणि रे ॲलनचा २६९ चा विक्रम मोडला. तीन वर्षांनी, २०१५-१६ मध्ये, त्याने ४०२ केल्या. खेळात विक्रम असे मोडत नाहीत, दोन-चारांनी मोडतात. त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत एकूण एक मत त्यालाच पडलं, जे त्याआधी कुणाच्याच बाबतीत घडलं नव्हतं. संघाने ८२ पैकी ७३ सामने जिंकले. आणि अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी घेऊन ते क्लीव्हलँडकडून हरले. सातव्या सामन्यात करीने रेषेबाहेरून १४ मारले आणि ४ पडले. पुस्तकात या हारीला पूर्ण प्रकरण दिलं आहे ते योग्यच झालं. कारकिर्दीत त्याची सरासरी शंभरात बेचाळीसच्या आसपास आहे. म्हणजे या कामात जगात सर्वांत निष्णात असलेला माणूस शंभरातले अठ्ठावन्न चुकवतो. चुकल्यावर पुढचा शॉट पहिल्यासारखाच मारणं, ही त्याची खरी कमाई.

१४ डिसेंबर २०२१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने ॲलनचा २,९७३ चा कारकिर्दीतला विक्रम मागे टाकला. ॲलनला त्यासाठी १,३०० सामने लागले होते, करीला ७८९. ॲलन आणि मिलर दोघंही तिथे हजर होते. १३ मार्च २०२५ ला चार हजार पूर्ण झाले. २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ ही विजेतेपदांची वर्षं. ऑलिंपिक मात्र एकच, २०२४ चं पॅरिस. पहिल्या चार सामन्यांत त्याचे रेषेबाहेरचे २० पैकी ५ शॉट पडले आणि वय झालं अशी कुजबुज सुरू झाली. उपांत्य सामन्यात सर्बियाविरुद्ध अमेरिका १७ गुणांनी मागे पडली होती, तिथे त्याने ३६ गुण केले. अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध आठ वेळा रेषेबाहेरून बास्केट केली, त्यातल्या चार शेवटच्या तीन मिनिटांत. शेवटची तर दोघं अंगावर असताना. अमेरिका ९८-८७ अशी जिंकली.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, पण आपला धागा अगदीच तुटलेला नाही. मुंबईच्या नागपाड्यात हा खेळ गल्लीगल्लीत रुजलेला आहे. तिथून आलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात आंतरराष्ट्रीय मैदानावर ही रेषाच नव्हती. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१० मध्ये गोल्डन स्टेटच्या मालकांत सामील झाले, म्हणजे करी तिथे धडपडत होता त्याच वर्षांत. पुढे २०१३ मध्ये त्यांनी सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ घेतला. तोच संघ ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळला. भारतात झालेले एनबीएचे हे पहिले सामने. पहिल्या दिवशीचा सामना शाळकरी मुलांसाठी होता आणि तो जादा वेळेत १३२-१३१ असा सुटला. आसनगावहून दादर आणि तिथून वरळी, एवढंच अंतर. मुंबईच्या मुलांना मिळालं ते आपल्या आश्रमशाळांतल्या मुलांना मिळायला हवं, हे मला मनापासून वाटतं. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी त्या शहराला जातं, तर तिथला एक खेळ इकडे यायला काय हरकत आहे?

मुलींसाठी एक वेगळी नोंद. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडियानापोलिसला करी आणि महिला खेळाडू सब्रिना आयोनेस्कू यांच्यात दुरून मारण्याची जाहीर स्पर्धा झाली. ती पुरुषांच्या ७.२४ मीटरच्या रेषेवरून मारत होती. करी २९, आयोनेस्कू २६. महिलांचा चेंडू आकाराने एक नंबर लहान असतो, सहा नंबरचा. शाळेने चेंडू आणताना मुलींसाठी तो आणावा, आणि बारा वर्षांखालच्यांसाठी पाच नंबरचा.

शेवटी मैदान. रिंग असेल तर बाकीचं आपण करू शकतो. रिंगेच्या मध्यातून ओळंबा सोडावा आणि जिथे टेकेल तिथे खुंटी ठोकावी. खुंटीला ६.७५ मीटर सुतळी बांधून अर्धवर्तुळ फिरवावं आणि त्यावर फक्की टाकावी. दोन्ही कोपऱ्यांत मात्र रेषा सरळ येते, बाजूच्या रेषेपासून ९० सेंटीमीटर आत. लहान मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर बसवता आली तर उत्तम. ३.०५ वर टाकण्याच्या नादात लहान मुलं चेंडू कमरेतून ढकलायला लागतात, आणि ती सवय मोडायला करीला एक अख्खा उन्हाळा लागला होता. पहिला महिना रेषेकडे बघूही नये. रिंगेपासून एका पावलावर, एका हाताने, दुसरा हात फक्त आधाराला. दहातले आठ पडले की एक पाऊल मागे. सहा पडले तर तिथेच राहावं, पाच पडले तर पुढे यावं. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात उताणं पडून चेंडू सरळ वर सोडावा आणि हात न हलवता तिथेच झेलावा. मनगट सरळ सुटतं की नाही, ते चेंडू कुठे पडतो यावरून लगेच कळतं. मापांचा पूर्ण नकाशा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. तेवढं पान फाडून मैदानावर नेलं तरी चालेल.